उत्तर रात्रभर झाकून ठेव

पुणे, शुक्रवार, पहाट

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. एवढ्या उशिरापर्यंत मी एरवी जागी नसते, पण तुझा आवाज कानात राहिला आणि झोप काही धड लागली नाही. म्हणून रोजच्यापेक्षा अर्धा तास आधीच उठले, दूध तापवलं, तुळशीला पाणी घातलं आणि आता कॅलेंडरच्या गेल्या महिन्याच्या पाठकोऱ्या पानावर तुला लिहायला बसले आहे. पाठकोरं पान टाकून देणं मला अजून जमत नाही. छापखान्यात तीस वर्षं कागदाची किंमत बघितली, ती हातात मुरली आहे.

तुझं ते इंग्रजी उत्तर तू मला वाचून दाखवलंस आणि मी म्हटलं, "माझं पत्र येईपर्यंत पाठवू नकोस." तू लगेच "बरं, आजी" म्हणालीस. तू शब्दाची पक्की आहेस, त्यामुळे त्याची मला काळजी नाही. तुझ्या मनात कुणाविषयी वाईट नाही हेही मला कुणी सांगायला नको; लहानपणी मांजरीच्या पिलाला दूध घालताना आधी स्वतःच्या बोटावर कोमट आहे का बघणारी मुलगी तू. मला भीती वाटते ती फक्त तुझ्या घाईची.

झालेलं मी माझ्या परीने मांडून बघते, कुठे चुकले तर सांग. ज्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो आणि सुधारून परत पाठवता येतो, असा तो मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम. त्यात 'दऱ्या' टाइप केलं की कधी 'दर्या' उमटतं, कधी 'र'चा पाय मोडून 'य' शेजारी वेगळा उभा राहतो. सह्याद्रीच्या दऱ्या लिहाव्यात आणि कागदावर समुद्र यावा, हे मराठी माणसाला कसं खपेल! तू दिवाळीच्या सुट्टीतले सहा दिवस खपून कारण शोधलंस, दुरुस्तीचा पॅच लिहिलास, पाठवलास. आणि तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या मेंटेनरचं तीन ओळींचं उत्तर आलं: दोष आमचा नाही, फाँटचा आहे, पाठवण्याआधी नियम वाचत जा, बंद करतो आहे. शेवटी आभाराचा एक शब्दही नाही.

तुला लागलं. कुणालाही लागेल. सहा दिवस आणि तीन ओळी.

तो अर्धा 'र' माझ्याही जिव्हाळ्याचा आहे, मनू. आमच्याकडे त्याचा खिळा वेगळा असे, आणि जुळाऱ्याने घाईत रफाराचा खिळा उचलला की 'आचाऱ्यास' दिलेले पैसे 'आचार्यास' जात. प्रूफ वाचताना माझी नजर त्या जागी आपोआप थांबायची. आता ते काम युनिकोड करतं. नुक्त्याचा 'ऱ', त्यामागे हलन्त, त्यामागे 'य', अशी तीन चिन्हं ओळीने आली की त्यांची मिळून एक आकृती व्हायला हवी, आणि ती जुळवण्याचं काम थोडं प्रोग्रॅमकडे, थोडं फाँटकडे असतं. म्हणजे तो गृहस्थ म्हणतो ते खरंही असू शकेल, नाही का? लोहित फाँट लावून बघितलंस का? मुक्ता लावून? दोन्हींत नीट दिसलं आणि तुझ्या नेहमीच्या फाँटमध्येच मोडलं, तर त्याचं म्हणणं बरोबर. तिन्हींत मोडलं, तर तुझं. हे बघायला दहा मिनिटं लागतील. काल रात्री रागाच्या भरात तू तीन परिच्छेद लिहिलेस, त्याला तास तरी गेला असेल.

आता त्याच्या त्या कोरडेपणाबद्दल. रिटायर झाल्यापासून गेली बारा वर्षं मी अशाच मुक्त प्रोग्रॅमांची मराठी भाषांतरं तपासते हे तुला माहीत आहे. 'साठवा' म्हणायचं की 'जतन करा', यावर किती दिवस जातात आणि किती शहाणी माणसं एकमेकांवर रुसतात, ते मी बघितलं आहे. त्यातून मला एक गोष्ट कळली. आपला मान आपल्या क्रियापदात असतो. 'बघ', 'बघा', 'बघावं' एवढ्यानेच नातं ठरतं, शिवाय 'जरा', 'तेवढं', 'ना' आहेतच. 'जरा तेवढं बघता का' म्हटलं की 'कृपया' म्हणावंच लागत नाही, तो शब्द आपण पाट्यांसाठी ठेवला आहे. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच. त्यामुळे आपण मनात 'जरा बघता का' ठेवून इंग्रजी लिहितो तेव्हा मान वाटेत गळून पडतो आणि तिकडे पोचतो नुसता हुकूम. तुझं पहिलं पत्र मी पुन्हा आठवून बघितलं. 'हे लवकर दुरुस्त करा, मराठीत चुकीचं दिसतं', असंच काहीसं होतं ना? तुझ्या मनात अजिबात उद्धटपणा नव्हता, पण त्याला तो दिसला असेल. आणि त्याचीही मातृभाषा इंग्रजी असेलच असं कुठे आहे? त्याचा मानही असाच कुठेतरी गळला असेल.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती, ती आज सांगते. शनिवार पेठेतल्या त्या छापखान्यात मला सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाची. एक नवा जुळारी आला होता, एकोणीस वर्षांचा, दिवसा कॉलेज करून रात्रपाळीला येणारा. एका गॅलीत त्याच्या तेवीस चुका निघाल्या. पुस्तक दोन दिवसांत बांधायला जायचं होतं, माझ्या डोक्यात तीच तारीख, आणि मी समासात लाल शाईने लिहिलं, 'डोळे घरी ठेवून येता काय?' फोरमनने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. तो मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला, तेवीसच्या तेवीस चुका दुरुस्त करून दिल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून आला नाही. नंतर कळलं की जोडीचा जुळारी टायफॉइडने पडला होता आणि हा मुलगा आठवडाभर दोघांचं काम एकटा ओढत होता. पुस्तक वेळेवर निघालं. माणूस गेला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत समासात मी खुणांखेरीज एक अक्षर लिहिलं नाही: काढा, घाला, जागा सोडा, उलटा खिळा सरळ करा. चूक कुणाची हे प्रूफच्या खुणांत सांगायची सोयच नाही, आणि ते किती बरं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून म्हणते, उत्तर लिही, पण रात्रभर झाकून ठेव, आपण विरजण लावतो तसं. रात्री भांडं हलवत बसलं तर दही लागत नाही. सकाळी लवकर ऊठ. घर शांत असतं, फोन वाजत नसतो, तेव्हा आपलंच लिहिलेलं परकं होऊन समोर येतं. प्रूफ वाचण्याची उत्तम वेळ तीच. यात माझी एकटीची अक्कल आहे असं समजू नकोस हं. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटवर कसं वागावं याविषयी एक टिपण निघालं होतं, आरएफसी १८५५, इंटेलमध्ये काम करणाऱ्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेलं. त्यात स्वच्छ सांगितलं आहे की मन पेटवणाऱ्या पत्राचं उत्तर रात्र जाऊ दिल्यावर पाठवावं. त्याच टिपणात आणखी एक नियम आहे, तो मूळचा यंत्रांसाठी होता. जॉन पोस्टेल यांनी संगणकांच्या आपसातल्या बोलण्याचे नियम लिहिताना १९८० च्या सुमारास घालून दिलेला: स्वतः पाठवताना काटेकोर असावं, दुसऱ्याचं घेताना उदार. हॅम्ब्रिजबाईंनी तो माणसांना लावला. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला तो पटेल.

तू म्हणशील, आजी, थांबण्याने काम अडतं. अडतं थोडं. पण घाईने काय होतं, त्याची एक्सझेडची गोष्ट तूच मला सांगितली होतीस आणि मग मी ती हुडकून हुडकून वाचली. फाइली दाबून लहान करणारा तो छोटा प्रोग्रॅम, लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात असणारा, वर्षानुवर्षं फिनलंडमधला एकच माणूस प्रामुख्याने सांभाळत होता, तेही पगाराशिवाय. त्याचं नाव जगजाहीर आहे, पण इथे लिहावंसं वाटत नाही, त्याला आधीच पुष्कळ सोसावं लागलं. २०२२ मध्ये त्याच्यामागे तगादा सुरू झाला. काम फार हळू चाललं आहे, पॅच पडून आहेत, नवी आवृत्ती कधी? त्याने सरळ सांगितलं की मनाच्या दीर्घ दुखण्यामुळे आपल्याकडून पूर्वीइतकं होत नाही, आणि हा बिनपैशांचा छंद आहे हेही ध्यानात असू द्यावं. त्यावर तगादा कमी झाला नाही. जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या, असं त्याला ऐकवलं गेलं. आणि तो दुसरा तयारच होता. जिया टॅन या नावाने २०२१ पासून तो मदत करत होता, गोड बोलत होता, वेळेवर पॅच पाठवत होता. थकलेल्या माणसाने त्याच्या हाती किल्ल्या दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० या आवृत्तीत जिया टॅनने चोरदरवाजा बसवला होता. तगादा लावणारी ती नावं याच डावातली होती, असं आज बहुतेक जाणकार मानतात.

मनू, चोरांना हा रस्ता सापडला कसा, याचा विचार केलास का? एकट्याने राबणाऱ्या माणसावर बाहेरच्यांनी खेकसणं ही त्या जगात इतकी रोजची गोष्ट होती की खोट्या तगाद्याचा कुणाला संशय आला नाही. तगादा खरा वाटला, कारण खरे तगादे तसेच असतात. 'अहो, त्यांना जरा श्वास घेऊ द्या' असं ठणकावून म्हणणारी चार माणसं त्याच्या पाठीशी उभी असती तर किल्ल्या इतक्या सहज गेल्या नसत्या असं मला वाटतं. आणि त्यातलं दुसरंही नजरेआड करू नकोस: जिया टॅन गोडच बोलत होता. तेव्हा मी तुला सभ्यपणाने बोल म्हणते त्याचा अर्थ साखर घोळून बोल असा नाही. समोरच्याच्या दमण्याची, वेळेची, आजारपणाची काळजी असली म्हणजे शब्द थोडे कमी-जास्त झाले तरी चालतात.

आणि हे पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनीअरने. दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढंच त्याच्या ध्यानात आलं. अर्धा सेकंद! 'असेल काहीतरी' म्हणून तो पुढे गेला नाही, धीराने उकलत बसला. ज्यांना आधी कळायला हवं त्यांना खासगीत कळवून मग २९ मार्च २०२४ ला त्याने सगळ्यांसाठी लिहिलं. त्या पत्रात काय सापडलं ते क्रमाने आहे, आपण सुरक्षेचे तज्ज्ञ नाही हे कबूल केलेलं आहे, आणि काय तपासायचं राहिलं तेही आहे. एवढा मोठा घात उघड करताना त्याला आवाज चढवावा लागला नाही. ते पत्र तू एकदा निवांत वाच. बगविषयी कसं लिहावं याचा इतका चांगला नमुना मला दुसरा सापडला नाही.

कठोर बोलण्यानेच काम चोख होतं, असं म्हणणारे तुला भेटतील. लिनस टोरवाल्ड्स यांचं उदाहरण ते देतील. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत असताना, एकविसाव्या वर्षी, त्यांनी लिनक्स सुरू केलं, म्हणजे तुझ्याच वयाचे होते. पुढे वर्षानुवर्षं चुकलेल्या पॅचबद्दल ते माणसांना फार लागेल असं बोलत राहिले. पण १६ सप्टेंबर २०१८ ला, ४.१९ या आवृत्तीची चौथी चाचणी जाहीर करतानाच त्यांनी त्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली, आणि दुसऱ्यांच्या भावना समजून घेण्यासाठी मदत घेणार असल्याचं सांगून काही दिवस बाजूला झाले. लिनक्ससाठी वागणुकीचे नवे नियम त्याच सुमारास आले. त्यांच्या जागी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ऑक्टोबरमध्ये ती आवृत्ती काढली, टोरवाल्ड्स परतले, आणि लिनक्स आजही चाललं आहे. पन्नाशीला टेकलेल्या, जगाने डोक्यावर घेतलेल्या माणसाला हे करता आलं, याचं मला त्यांच्या लिनक्सइतकंच कौतुक वाटतं.

त्याच वर्षी जुलैत पायथन भाषेचे जनक गिडो व्हॅन रोसम यांनी निर्णय घेण्याचं काम सोडलं होतं. वाद एका नव्या चिन्हाचा होता: अपूर्णविराम आणि त्याला लागून बरोबरचं चिन्ह. चिन्ह मंजूर झालं, पण आपल्या निर्णयाचा इतक्यांनी तिटकारा करावा आणि त्यासाठी इतकं झगडावं लागावं, याने ते थकले. जवळजवळ तीस वर्षांची माया आणि दोन खुणा. प्रूफ वाचणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल ते तू समजू शकशील.

काटकसर म्हणून तुला लहानपणापासून शिकवलं ते पैशाचं होतं, आता वेळेचं शिक. आपला वेळ आपण उधळू शकतो, दुसऱ्याचा नाही. तो मेंटेनर नोकरी करून, पोराबाळांना निजवून रात्री तासभर बसत असेल आणि समोर चाळीस पत्रं असतील. त्याच्या तासातली पाच मिनिटं वाचवशील असं लिही. कोणती आवृत्ती, कोणता फाँट, काय टाइप केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, एवढं पहिल्या पाच ओळींत यावं. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत हे त्याला एका ओळीत समजावून सांग; त्याला देवनागरी येत नाही, त्याच्या लेखी तो एका पापणीएवढ्या रेघेचा फरक आहे. त्याचं बरोबर निघालं तर तसं सरळ लिही आणि तो पॅच फाँट करणाऱ्यांकडे ने, सहा दिवस वाया गेले असं मानू नकोस. तुझं बरोबर निघालं तर तिन्ही फाँटची चित्रं जोड आणि पुन्हा उघडाल का, असं विचार. वेळ दिल्याबद्दल आभार मान, कारण वेळ त्याने खरंच दिला आहे.

आणि मग वाट बघ. आठ दिवस, पंधरा दिवस. मधेच 'काय झालं?' म्हणून टोचू नकोस. पंधरा दिवसांनी एकदा, शांतपणे, आठवण कर. तरीही तो तुटकच बोलला तर आपण होऊन शब्द वाढवायचा नाही. पण कुणी अपमानच करू लागलं, तुझ्यावर किंवा तुझ्या बोलीवर घसरलं, तर मात्र गप्प राहू नकोस. अशा वागण्याची दखल घेणारी माणसं प्रत्येक चांगल्या प्रकल्पात नेमलेली असतात, त्यांना कळव. सोसत राहा असं मी तुला कधीच सांगणार नाही.

कालचं ते तीन परिच्छेदांचं उत्तर खोडू नकोस इतक्यात. छान इंग्रजी आहे तुझं, रागातही व्याकरण कुठे सुटलेलं नाही, हे मला ऐकतानाच जाणवलं. माझं पत्र मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकदा त्याच्या जागी बसून वाच, आणि मग काय ते ठरव.

उजाडलं आता, दूधवाल्याची सायकल वाजली. पत्र आजच्या टपालात टाकते. रविवारी चारनंतर मी घरीच आहे, फोन कर, आणि लोहित नि मुक्तात 'दऱ्या' कशा दिसल्या ते आधी सांग.

तुझी,
आजी